कोनाड्याचं माप

दौंडला रेल्वेच्या एका ठेकेदाराच्या हपिसात मी पंधरा वर्षं एकच घर काढत होतो. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं मोरी. साहेबाचा नकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि काळ्या शाईनं गिरवायचं. गार्डाला तेच घर, फिटरला तेच, ज्याला सात पोरं त्यालाही तेच आणि ज्याचं लग्न जमत नव्हतं त्यालाही तेच. माणसानं घराच्या मापाचं व्हायचं, असा तिथला कायदा होता. एकाहत्तर साली मी त्या हपिसाला रामराम ठोकला आणि माणसांच्या मापाची घरं काढायला लागलो. माझी बायको चांगुणा म्हणाली, डोकं फिरलंय. तिचं अगदीच खोटं नव्हतं.

माझी पद्धत निराळी होती आणि तिचा मला गर्व होता. तो आता लपवून काय करायचंय? आधी वही घेऊन जायचं आणि प्रश्न विचारायचे. पहाटे पहिलं कोण उठतं? घरधनी वहाणा कुठं फेकतो? लेक बाळंतपणाला आली की कुठं निजते? भांडण झाल्यावर कोण कुठं जाऊन बसतं? लोक आधी हसायचे, पण एकदा सांगायला लागले की थांबायचे नाहीत. मग जागेवर दिवसभर बसून राहायचं. वारं कुठून येतं, ऊन कसं सरकतं, पाणी कुठं उतरतं ते बघायचं. आणि शेवटी चुन्याची फक्की घेऊन मोकळ्या जमिनीवर आख्खं घर खऱ्या मापानं आखायचं आणि त्या माणसांना एक दिवस त्या रेघांच्या आत राहायला लावायचं. दाराच्या जागेतून आत या, जिथं जेवणार तिथं भाकरी खा, जिथं झोपणार तिथं आडवे व्हा. कुठं अडलं की ती रेघ पायानं पुसायची आणि दुसरी मारायची.

कवठे येमाईला दोन भावांचं घर काढलं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि आई एकीकडं राहायला तयार नव्हती. मी अशी दोन दारं काढली की भावाला भावाचं तोंड दिसू नये आणि मधल्या खोलीत बसलेल्या आईला मात्र दोघांची जाग कळावी. केडगावच्या एका रिटायर गार्डाला गाडी गेल्याचं दिसल्याशिवाय झोप येत नव्हती. त्याच्या उशाशी मी रुळांकडं बघणारी खिडकी दिली. बिचारी बायको वैतागली, पण तो झोपायला लागला.

अशी अकरा घरं झाली होती. त्या अकरा घरांतलं एकही स्वयंपाकघर, आत चूल पेटल्यावर, मी पाहिलं नव्हतं.

कारण सांगायला नको, तरी सांगतो. आम्ही बौद्ध. घराचं काम चालू असेपर्यंत मी वाटेल तिथं फिरायचो, चौकटीत उभा राहायचो, ओट्यावर हात टेकून उंची बघायचो. घरभरणी झाली की माझी हद्द ओसरीपर्यंत. कुणी अपमान करायचं नाही हो. ‘बसा साहेब’ म्हणायचे, चहा यायचा. मी अंगणात उतरून छपराकडं मान वर करायचो. धूर धुराड्यातून नीट वर जातोय की नाही, एवढंच मला माझ्या घराबद्दल बाहेरून कळायचं.

मला एकदा आत बसायचं होतं. मी काढलेल्या घरात, पेटलेल्या चुलीसमोर, पाटावर. दुसरं काही मागणं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर तळेगाव ढमढेऱ्याचे सोपानराव फटफटीवरून माझ्या दौंडच्या घरी आले. उसाचे बागायतदार, पुण्याला बी. ए. केलेले, वय पस्तिशीच्या आतलं. गावातल्या जुन्या घरात भाऊबंदांची दाटी झाली म्हणून त्यांना मळ्यात नवं घर बांधायचं होतं. आत आले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. चांगुणानं चहा दिला. तो प्यायले आणि म्हणाले, “वहिनी, अजून अर्धा कप चालंल.”

अर्ध्या कप चहानं माणूस विकला जातो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

निघताना सोपानराव म्हणाले, “भिमाजीराव, घर झालं की पहिली पंगत स्वयंपाकघरात. माझ्या शेजारी तुमचं पान. शब्द आहे माझा.”

मी न मागता ते असं म्हणाले. ते गेल्यावर मी चांगुणाकडं बघितलं. ती कपबश्या विसळत होती.

“म्हंत्यात सगळी,” ती म्हणाली.

“सगळे कुठं म्हणतात? आजवर कोण म्हणालं?”

“बरं बाई, म्हनले. आता जेवून तर या.”

तिचा हा स्वभावच. कुठल्याही गोष्टीत तिला खोट दिसते. मी तिच्यावर चिडलो आणि दुसऱ्याच दिवशी वही घेऊन केडगावला उतरलो. पुढं मिळेल ती एसटी धरून तळेगाव गाठलं.

मळ्याची जागा फार देखणी होती. उतार पूर्वेकडं, विहीर ईशान्येला आणि पश्चिमेच्या कडेला एक जुना, डेरेदार लिंब. सोपानराव म्हणाले, तो तोडला तरी चालेल. मी म्हणालो, हा लिंब राहील आणि घर त्याला वळसा घालेल. दुपारी त्याच्याखाली बसलो तर घोडनदीकडून यावं तसं गार वारं अंगावर येत होतं. मी वहीत पहिली खूण त्या लिंबाची केली.

घरात माणसं मोजकी. सोपानराव, त्यांची बायको मालनबाई, दोन लहान मुली आणि आई आक्काबाई. आक्काबाईंना चूल जमिनीवरच हवी होती. मालनबाईंना उभ्यानं स्वयंपाक करायचा होता, कारण दुसऱ्या बाळंतपणापासून त्यांचे गुडघे धरत होते. सासूसमोर त्या हे बोलू शकत नव्हत्या. आक्काबाई देवाला गेल्या तेवढ्यात मला पटकन सांगून टाकलं. मी दोघींचं साधलं. एका भिंतीला खाली चूल आणि वर मोठं धुराडं, दुसऱ्या भिंतीला स्टोव्हसाठी तीस इंचांचा ओटा आणि त्याच्यासमोर शाळेची वाट दिसेल अशी खिडकी. चारच्या सुमाराला उजेड ओट्यावर पडेल, म्हणजे मुली येतानाही दिसतील आणि तांदळातले खडेही.

मग सोपानराव म्हणाले, “बाहेरच्या अंगाला एक खोली पाहिजे. येणारा-जाणारा बसेल. तिला घरातून दार नको, बाहेरूनच असू द्या.”

मी ती खोली लिंबाखाली टाकली. खरं म्हणजे सगळ्या घरात तिची जागा सगळ्यात सुखाची होती.

नेहमीच्या प्रश्नांत मी मालनबाईंना विचारलं, “घरात अशी कुठली वस्तू आहे, जिला आज नीट जागा नाही?”

त्या सरळ मनानं म्हणाल्या, “सहा कपबश्या निराळ्या हायेत. गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवतो. पावसात भरत्यात, कवा मांजर पाडतं. त्यास्नी जागा द्या बाहेरच्या खोलीत.”

माझी पेन्सिल थांबली. मालनबाईंच्या तोंडावर काही नव्हतं. खराटा कुठं ठेवायचा हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं होतं. त्या कपांतून कोण चहा पितं, हे मला विचारायची गरज नव्हती. माझा बाप तसल्याच कपातून प्यायला होता. पिऊन झालं की आपला आपण विसळायचा आणि पालथा घालून ठेवायचा, हेही मी लहानपणी बघितलं होतं.

मी विचारलं, “किती उंचीवर?”

हेच विचारलं मी. वही मिटून उठलो नाही. मी म्हणालो, दाराच्या आत उजव्या हाताला कोनाडा देतो. चार फुटांवर, म्हणजे उंच माणसाला वाकायला नको आणि बुटक्याला टाचा उंचवायला नकोत. शेजारी नळ घेतो आणि खाली दगडी न्हाणी, म्हणजे विसळायला अंगणात जायला नको. मालनबाई खूश झाल्या. म्हणाल्या, “किती बारीक इचार करता वो तुम्ही.”

दौंडला कच्चा नकाशा पसरला तेव्हा चांगुणा जवळ येऊन बसली. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती नुकती अक्षरं लावायला शिकली होती. तिनं एकेका खोलीवर बोट ठेवलं आणि लिंबाखालच्या खोलीवर थांबली. “अ-भ्या-ग-तां-ची. म्हंजी कुनाची?”

“येणाऱ्या-जाणाऱ्याची.”

“आन् ह्ये भोक कशाचं?”

“कोनाडा आहे. सहा कपांचा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “कुनाच्या?”

“गड्यांच्या.”

“गडी म्हंजी आपलीच की.”

“मग काय करू?” मी आवाज चढवला. “मी नाही काढला तर दुसरा कोणी काढील. मी निदान सावलीत काढला, नळ दिला. आत्ता गोठ्यात उकिडवे बसतात, ते वाऱ्याला बसतील.”

“आन् तुम्ही आत बसनार.”

“हो, बसणार! शब्द दिलाय त्यांनी.”

ती उठून गेली. मी नकाशा शाईनं पक्का केला.

फक्कीचा दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. माघातलं ऊन कोवळं होतं. मी आणि लालमहंमद मिस्त्रींनी दोरी धरून सकाळी सकाळी घर आखलं. हे शिरूरचे मिस्त्री, माझ्या सात घरांच्या भिंती यांनी उभ्या केल्या. फार कमी बोलायचे. थैलीत करणी, ओळंबा आणि स्वतःचा पितळी पेला. कुठंही चहा आला की पेला पुढं करायचे. मी त्यांची थट्टा करायचो, “मिस्त्री, जमाना बदलला, आता तरी पेला घरी ठेवा.” ते म्हणायचे, “असू द्या साहेब. वझं व्हत न्हाई.”

घरची मंडळी आली. मुली फक्कीच्या खोल्यांतून पळायला लागल्या आणि भिंतीतून गेलं की एकमेकींना ओरडायला लागल्या, “ए, भिंत हाय तिथं!” आक्काबाईंना आधी हा पोरखेळ वाटला. मग त्या स्वयंपाकघराच्या रेघांत गेल्या, इकडं तिकडं बघितलं, तीन दगड मागवले, चूल मांडली आणि चार काटक्या पेटवून भाकरी थापायला बसल्या. मला इतका आनंद झाला की बस्स. चूल आणि ओटा यांच्यात मालनबाईंना वळायला जागा पुरते का, ते मोजायला मी टेप घेऊन पुढं झालो.

“आता नगं,” आक्काबाई भाकरीवरची नजर न काढता म्हणाल्या. “चूल पेटली.”

माझा एक पाय उचललेला तसाच राहिला. समोर भिंत नव्हती, दार नव्हतं, चौकट नव्हती. उघड्या रानात चुन्याची एक रेघ, आणि ती सुद्धा तासाभरापूर्वी मीच ओढलेली. त्याच जागेवरून मी सकाळी दहा वेळा इकडून तिकडं गेलो होतो. मी पाय मागं घेतला.

मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही अंगावर काटा येतो. टेपचं टोक मालनबाईंकडं दिलं आणि बाहेर उभा राहून त्यांच्याकडून माप घेतलं.

सोपानराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “मनावर घेऊ नका. जुनं माणूस आहे. आमच्या पिढीत हे राहणार नाही.”

“छे, छे,” मी म्हणालो. “वयच आहे त्यांचं.”

लालमहंमद मिस्त्री दोरी गुंडाळत होते. ते माझ्याकडं बघत होते, मी बघितल्यावर त्यांनी मान खाली घातली.

पुढं वर्षभर काम चाललं. पाया खणायला, विटा वाहायला गावच्या बौद्धवाड्यातला म्हाळू होता. पन्नाशीचा, काटक माणूस. पहिल्याच दिवशी मला बघून त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाला, “जय भीम, भाऊ!” सोपानराव माझ्या शेजारीच होते. मी नुसती मान हलवली. म्हाळूनं घमेलं परत डोक्यावर घेतलं.

कोनाड्याच्या उंचीवर भिंत आली त्या दिवशी त्यानं मला गाठलं. “भाऊ, ह्यो कोनाडा कशापायी?”

“सामानासाठी.”

“कपाचा म्हना की.” तो हसला, पण वाईट हसला नाही. “आमास्नी काय, आमी गोठ्यात बी पितो. पर तुमच्या हातनं ह्यो व्हाया नगं व्हता.”

“म्हाळू, काम कर तुझं,” मी म्हणालो.

हपिसातला माझा साहेब मला ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज माझ्या तोंडातून आला. म्हाळूनं ‘बरं साहेब’ म्हटलं. त्यानंतर तो मला कधी भाऊ म्हणाला नाही, साहेबच म्हणायचा. मला तेव्हा ते बरं वाटलं, हे सांगून टाकतो. मी वेगळा आहे असं मला वाटत होतं. माझ्या हातात टी-स्क्वेअर होता, खिशात दोन पेनं होती आणि माझं पान सोपानरावांच्या शेजारी मांडलं जाणार होतं. कोनाडा म्हाळूचा होता.

घर शहात्तरच्या चैत्रात पुरं झालं. घरभरणीचा सांगावा आला तसा मी नवा शर्ट शिवला. आणि भेट म्हणून त्या घराचा आख्खा नकाशा रंगीत शाईत काढला. लिंबाचं एकेक पान रंगवलं, खोल्यांची नावं टाकानं लिहिली, काचेच्या फ्रेममध्ये बसवला. आठ दिवस त्यात गेले. चांगुणाला म्हणालो, चल तू पण.

“मला कुठं सांगावा हाय?” ती म्हणाली. शर्टाची कॉलर तिनं नीट केली. “सैपाकघर बघून या. धूर आत कोंडतो का, त्ये इचारा मालनबाईला. लई दिवस मनात हाय तुमच्या.”

मळ्यात मांडव पडला होता. पाहुणे, भटजी, आक्काबाईंच्या माहेरची माणसं, शिरूरची व्यापारी मंडळी. धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. मी तो आधी बघितला. मग फ्रेम काखोटीला मारून ओसरीची पायरी चढलो. सोपानराव लगबगीनं पुढं आले.

“या, या भिमाजीराव! वा, काय नकाशा काढलाय! अहो, हा घ्या आत.”

मालनबाई आल्या, माझ्या हातातून फ्रेम घेतली आणि आत गेल्या. दारातून दिसलं, त्यांनी ती माजघराच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि बायका भोवती जमल्या. नकाशा आत गेला. मी वहाणा काढायला वाकलो.

सोपानरावांनी माझ्या दंडाला हात लावला. मला पायरीवरून खाली घेत, हळू आवाजात म्हणाले, “भिमाजीराव, आज जरा घोळ झालाय. आक्काचे भाऊ आलेत, भटजी आहेत. पहिल्या पंगतीला मी सगळ्यांना नाराज नाही करू शकत. तुम्ही समजूतदार आहात. तुमची व्यवस्था तिकडं केलीय. घरातली सगळ्यात गार खोली. तुम्हीच म्हणत होता ना?”

ते लाजले होते. खरंच लाजले होते, कान लाल झाले होते. मी जर तेव्हा म्हणालो असतो, सोपानराव, तुमचा शब्द, तर काय झालं असतं? काही झालं नसतं. ते आणखी लाजले असते. पण मी म्हणायला तर हवं होतं! अठरा महिने मी त्या एका पानासाठी त्यांचे दरवाजे आणि खिडक्या मोजल्या होत्या. आणि मी काय म्हणालो?

“हो, हो. चालेल की. त्यात काय.”

त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

लिंबाखालच्या खोलीत पाच जण भिंतीला टेकून बसले होते. म्हाळू, त्याच्याबरोबर पाया खणणारे दोघे, दोन म्हाताऱ्या बायका. लालमहंमद मिस्त्री बाहेर लिंबाच्या बुंध्याशी बसले होते आणि पितळी पेला शेजारी होता. माझा नवा शर्ट बघून खोलीतलं बोलणं थांबलं. मला वाटलं, आता म्हाळू हसेल. त्यानं हसायला हवं होतं, माझी तेवढी लायकी होती. तो हसला नाही. सरकला, भिंतीजवळची जागा हातानं पुसली आणि म्हणाला, “या भाऊ. बसा.”

कोनाड्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो मला भाऊ म्हणाला.

पत्रावळी आल्या. लापशी, आमटी, भात, सगळं भरपूर आणि चांगलं. वाढणारा वाकून वरून टाकत होता. उघड्या दारातून लिंबाचा मोहोर वाऱ्यानं आत येत होता, पत्रावळीवर, डोक्यावर पडत होता. म्हाळू म्हणाला, “खोली झ्याक काढलीया. वारं कसं येतंया बघा.” त्यात टोमणा नव्हता.

जेवणावर चहा आला. वाढप्यानं कोनाड्याकडं बोट केलं. एकेकानं उठून आपला कप घेतला. मी शेवटी उठलो. सहावा कप राहिला होता. त्याच्या कडेला जुना टवका गेलेला होता. हात सरळ पुढं केला आणि कप मुठीत आला, वाकावं लागलं नाही की टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. चार फूट. मी चहा प्यायलो. नळाखाली कप विसळला, बशी विसळली, कोनाड्यात पालथी घातली. पाणी न्हाणीतून झरझर वाहून गेलं, थेंबही तुंबला नाही.

बाहेर आलो तर सोपानराव एका पाहुण्याला घेऊन उभे होते. न्हावऱ्याचे शंकरराव. ते खोलीच्या आत मान घालून बघत होते, पाय मात्र उंबऱ्याबाहेर होते. “ह्येच व्हय तुमचे नकाशेवाले?” त्यांनी सोपानरावांना विचारलं आणि मग मला म्हणाले, “डोकं चालवलंय बरं का. आमच्याकडं बी गड्यांचं ह्येच रडगानं हाय. घर काढतोय औंदा. आम्हाला अशीच खोली पायजे, असाच कोनाडा, नळासकट.” त्यांनी पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर नाव-गाव आणि काय हवं ते लिहिलं आणि माझ्या हातावर टाकलं, बोटाला बोट लागू न देता. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मिस्त्रींनी पेला थैलीत टाकला आणि म्हणाले, “चला साहेब, चौफुल्यापर्यंत संगं येतो.” वाटेत मी त्यांच्या पेल्याची थट्टा केली नाही.

दौंडला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. चांगुणा दारातच होती. तांब्या हातात देऊन म्हणाली, “कसं झालं?”

“छान.”

“कुठं बसला व्हता?”

“स्वयंपाकघरात. सोपानरावांच्या शेजारी.” एकदा तोंड उघडल्यावर मग मला थांबता येईना. मी तिला सगळं सांगितलं. जमिनीवर आक्काबाईंची चूल, तिच्यावर धुराडं, समोर तीस इंचांचा ओटा. चार वाजता खिडकीतून ऊन कसं आलं आणि ओट्यावर कसं पडलं. फडताळाच्या तिसऱ्या फळीवर पितळी डबे कसे नेमके मावले. पाटावर बसलं की शाळेची वाट कुठपर्यंत दिसते. एकही माप चुकलं नाही माझं. ते घर मी काढलेलं होतं, त्यामुळं मला खोटं बोलायला काहीच अडचण पडली नाही.

ती ऐकत होती. मी शर्ट काढून दिला. तिनं तो दारात नेऊन झटकला, तशी कॉलरीतून आणि घडीतून बारीक पांढरी फुलं जमिनीवर पडली. ती खाली वाकली, चार फुलं चिमटीत उचलली आणि वास घेतला.

“सैपाकघरात लिंब हाय व्हय?”

तिनं खिसा चाचपला आणि चिठ्ठी काढली. उजेडाकडं धरून एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. “न्हा-व-रे. शं-क-र-राव. बा-हे-र-ची खो-ली अ-शी-च.”

चिठ्ठी तिनं घडीवर घडी करून माझ्यासमोर ठेवली.

“आन् ह्येंचे कप किती?”

“अजून विचारलं नाही,” मी म्हणालो.